जपानी करवतीने फळी उभी चिरताना: रेघेवर टिकणारी चीर कशी पाडावी

सुतारकामात लाकूड कापणे आणि लाकूड चिरणे ही दोन वेगळी कामे आहेत. तंतूंना आडवे जाऊन फळीची लांबी कमी करायची, तेव्हा आपण ती कापतो. तंतूंच्या बरोबरीने जाऊन रुंदी किंवा जाडी कमी करायची, तेव्हा ती चिरतो. कापण्याचे काम थोड्या सरावाने बऱ्याच जणांना जमते, कारण अंतर लहान असते आणि हात भरकटायच्या आत काम संपते. चिरताना मात्र दीड-दोन फूट रेघ धरून राहावे लागते, आणि तेही डोळ्यांसमोरच्या वरच्या बाजूला आणि न दिसणाऱ्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे. ओढताना कापणारी जपानी करवत हे या कामाचे उत्तम हत्यार आहे, असे मी गेली काही वर्षे घरच्या घरी लाकूडकाम करताना अनुभवातून म्हणू लागलो आहे. पण ती आपल्या नेहमीच्या ढकलण्याच्या करवतीसारखी चालवली, तर पाते वाकते, दाते तुटतात आणि चीर रेघ सोडून जाते.

पुढचे सगळे विवेचन एका प्रत्यक्ष कामाभोवती केले आहे: सागाची ६०० मि.मी. लांब, १२० मि.मी. रुंद आणि ३० मि.मी. जाड फळी आहे, आणि तिच्यातून स्टुलाच्या पायासाठी ४५ मि.मी. रुंदीची पट्टी काढायची आहे. हे सगळे काम करताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी. करवत रेघेच्या मागे जात नाही, ती स्वतःच पाडलेल्या चिरेच्या मागे जाते. रेघ फक्त आपल्या डोळ्यांसाठी असते. म्हणून पहिली दोन-तीन सेंटिमीटर चीर जशी पडेल, तशीच पुढची बहुतेक चीर पडणार, आणि म्हणूनच या लेखात सुरुवातीला सर्वाधिक जागा दिली आहे.

करवत कोणती घ्यावी

जपानी भाषेत करवतीला नोकोगिरी म्हणतात. तिचे दाते मुठीकडे झुकलेले असतात, त्यामुळे ती ओढताना कापते आणि परत ढकलताना नुसती सरकते. ओढताना पाते ताणले जाते, आणि ताणलेला पत्रा पातळ असला तरी सरळ राहतो. ढकलताना तोच पत्रा दाबला जाऊन पोटात वाकू पाहतो. ढकलण्याची करवत जाड पत्र्याची का करावी लागते आणि जपानी करवत अर्ध्या मि.मी.च्या आसपास पातळ का ठेवता येते, याचे कारण एवढेच आहे. पाते पातळ म्हणजे चीर अरुंद, साधारण एक मि.मी.च्या आत, आणि चीर अरुंद म्हणजे दर ओढीला कमी लाकडाचा भुसा करावा लागतो.

बाजारात तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात. रियोबा या करवतीला दोन्ही कडांना दाते असतात, एका कडेला आडवे कापण्याचे आणि दुसऱ्या कडेला उभे चिरण्याचे. काताबा या करवतीला एकाच कडेला दाते असतात. दोझुकी ही अतिशय पातळ पात्याची आणि पाठीवर धातूची ताठ पट्टी बसवलेली करवत असते. ती सांध्यांच्या बारीक कामाला फार चांगली, पण पाठीची पट्टी चिरेत शिरू शकत नसल्यामुळे लांब फळी चिरायला ती निरुपयोगी आहे. एकच करवत घ्यायची असेल, तर २४० मि.मी. पात्याची रियोबा घ्यावी. पुढे जाड लाकूड वारंवार चिरायचे असेल, तर चिरण्याच्या दात्यांची काताबा जरूर घ्यावी, कारण रियोबा खोल गेली की तिचे वरच्या कडेचे दाते चिरेच्या भिंतींवर ओरखडे काढतात आणि पात्याला नकळत बाजूला ढकलतात.

दुकानात रियोबा हातात आली की दोन्ही कडा उजेडात धरून पाहाव्यात. आडवे कापण्याचे दाते उंच, निमुळते आणि बारीक असतात, आणि त्यांच्या बाजूंना सुरीसारख्या धारा काढलेल्या असतात. चिरण्याचे दाते मोठे, साधे त्रिकोणी आणि टोकाला पटाशीसारखे सपाट असतात. त्यांचे कामही पटाशीचेच असते: प्रत्येक दाता तंतूंच्या टोकातून एक छोटी कात्रण उचलतो आणि दोन दात्यांमधल्या खोबणीत भरून बाहेर नेतो. बारीक आडव्या दात्यांनी चिरायला गेले तर त्या खोबणी लगेच भरतात, करवत घसरल्यासारखी वाटते, आणि माणूस जोर लावू लागतो. आणखी एक बारकावा म्हणजे अनेक रियोबांवर चिरण्याचे दाते मुठीजवळ लहान आणि टोकाकडे क्रमाने मोठे होत गेलेले असतात. ही रचना सुरुवात सोपी व्हावी म्हणूनच केलेली आहे, आणि तिचा उपयोग पुढे येईल.

आज मिळणाऱ्या बहुतेक करवतींची पाती बदलता येतात आणि त्यांच्या दात्यांची टोके विजेच्या झटक्याने कडक केलेली असतात. टोकाशी निळसर-काळी छटा दिसते, ती त्याची खूण. असे दाते पुष्कळ टिकतात, पण त्यांवर कानस चालत नाही, त्यामुळे बोथट झाले की पाते बदलायचे. हाताने धार लावण्याच्या करवतींची परंपराही जपानात जिवंत आहे. ह्योगो प्रांतातले मिकी हे शहर करवती, रंधे आणि पटाश्यांसाठी प्रसिद्ध असून तिथल्या घडीव हत्यारांना १९९६ मध्ये पारंपरिक हस्तकला म्हणून सरकारी मान्यता मिळाली. नवशिक्याने मात्र बदलत्या पात्याच्या करवतीपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शिकताना एखादे पाते खराब होणार हे धरूनच चालावे.

लाकूड आधी वाचावे

या करवतींचा घाट सुगी आणि हिनोकी या जपानातल्या मऊ, सरळ तंतूंच्या लाकडांवर घडला. आपल्याकडे वखारीतून येते ते बहुधा सागवान, क्वचित शिवण किंवा आंबा, आणि पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन. पाइन चिरताना ही करवत लोण्यातून गेल्यासारखी जाते. सागवानही छान चिरते, मात्र सागात सिलिका असल्यामुळे दाते लवकर बोथट होतात. बाभूळ किंवा शिसवीसारख्या कठीण लाकडात पात्याची ओढ सावकाश ठेवावी, कोन कमी ठेवावा, आणि गाठीजवळ विशेष जपावे, कारण कडक केलेला दाता वाकत नाही, तुटतो. जुन्या दारा-खिडक्यांचे सागवान स्वस्तात मिळते आणि ते सुंदरही असते, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. चिरण्यापूर्वी साधे लोहचुंबक फळीवरून फिरवावे. माझ्या एका नव्या पात्याचे चार दाते अशाच एका बिनडोक्याच्या खिळ्याने नेले, आणि त्यानंतर मी ही पाच मिनिटे कधी वाचवली नाहीत.

फळीच्या कडेकडे पाहून तंतू कुठे धावतात ते ठरवावे. तंतू रेघेला तिरके जात असतील, तर करवत त्यांच्या बरोबर जाऊ पाहील, हे आधीच माहीत असलेले बरे. त्यानंतर फळीची एक रुंद बाजू आणि तिला लागून असलेली एक कड रंध्याने सरळ करून घ्यावी आणि गुण्या लावून ती काटकोनात आहे का ते तपासावे. ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांना होतो. पण आखणी त्या कडेवरूनच होणार असते; कड वाकडी असेल तर रेघही वाकडी पडेल, आणि मग करवतीने रेघ कितीही इमानाने पाळली तरी उपयोग नाही. पावसाळ्यात वखारीतून आणलेले लाकूड निदान काही आठवडे घरात सावलीत, खाली पट्ट्या ठेवून सुकू द्यावे. ओल्या फळीतले ताण चिरताना सुटतात आणि चीर मागून मिटू लागते.

आखणी

जपानी सुतार लांब लाकडावर सुमित्सुबो वापरतो: शाईत भिजलेल्या कापसातून जाणारा रेशमी दोरा, दोन टोकांना ताणून वर उचलून सोडला की लाकडावर बारीक सरळ रेघ उमटते. मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये, कारण आपला सुतार हा शब्दच सूत्रधारावरून आला आहे, आणि गेरूत बुडवलेल्या दोऱ्याने रेघ मारणारे सुतार अनेकांनी पाहिले असतील. दोरा मोठ्या तुळयांसाठी आणि ओबडधोबड फळ्यांसाठी उत्तम. आपल्या ६०० मि.मी.च्या फळीला मात्र मार्किंग गेज (कडेला टेकवून ठरलेल्या अंतरावर सुईने समांतर रेघ ओरखडणारे साधन) किंवा धारदार चाकू आणि पोलादी पट्टी वापरावी.

गेज ४५ मि.मी.वर पक्के करून सरळ केलेल्या कडेला टेकवावे आणि चारही ठिकाणी रेघ ओढावी: वरची रुंद बाजू, खालची रुंद बाजू आणि दोन्ही टोकांचे माथे. गेज जड हाताने एकदा ओढण्यापेक्षा हलक्या हाताने तीनदा ओढावे; पहिल्याच खेपेला जोर दिला तर सुई तंतूंमागे जाते. माथ्यावरची रेघ अनेक जण मारत नाहीत, पण पाते उभे आहे की कलले आहे हे तीच सांगते, त्यामुळे ती सर्वांत महत्त्वाची मानावी. पेन्सिलची रेघ पाव ते अर्धा मि.मी. जाड असते आणि तिची कोणती कड धरायची हे दर वेळी ठरवावे लागते. चाकूच्या किंवा गेजच्या ओरखड्यात तो प्रश्न येत नाही. ओरखडा नीट दिसत नसेल, तर त्यातून टोकदार पेन्सिल एकदा अलगद फिरवावी, म्हणजे तळाशी काळी बारीक रेघ राहते.

आता कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा ते ठरवून टाकाऊ बाजूवर पेन्सिलने तिरक्या रेघा माराव्यात. करवतीची चीर पूर्णपणे टाकाऊ बाजूला पडली पाहिजे, आणि गेजची रेघ ठेवायच्या तुकड्यावर शाबूत राहिली पाहिजे. शिकताना रेघेपासून अर्धा ते एक मि.मी. लाकूड शिल्लक ठेवून चिरावे आणि ते रंध्याने उतरवावे. सराव झाल्यावर रेघेला अगदी चिकटून जाता येते.

फळी कशी धरावी

मराठी सुतार लाकूड टेकवण्याच्या तिकाटण्याला घोडी म्हणतो, आणि जपानी सुतार त्यालाच उमा म्हणतो, म्हणजे घोडा. जपानी घोडी बुटकी असते, गुडघ्याच्या किंचित खाली येणारी, कारण फळी क्लॅम्पने नव्हे तर पायाने दाबून धरायची असते. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत एक चित्र तोतोमी या जुन्या प्रांताच्या डोंगरातल्या लाकूड चिरणाऱ्यांचे आहे. तिरकी उभी केलेली अजस्र तुळई आणि ती वरून व खालून चिरणारी माणसे त्यात दिसतात. या कामगारांना कोबिकी म्हणत. त्यांची करवत रुंद पात्याची होती, आणि आपल्या रियोबापेक्षा कितीतरी मोठी, पण लाकूड तिरके टेकवून स्वतःचे वजन कामाला लावण्याचा त्यांचा विचार आपल्यालाही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

फळीचे जवळचे टोक जमिनीवर आणि लांबचे टोक घोडीवर, घोडीच्या थोडे पुढे आलेले, अशी ती तिरकी ठेवावी. जमिनीवरचे टोक सरकू नये म्हणून भिंतीला किंवा रबराच्या पायपुसण्यावर टेकवावे. डावा पाय फळीवर, ठेवायच्या भागावर, घोडीच्या जवळ ठेवावा आणि उजवा पाय मागे जमिनीवर. चिरण्याची सुरुवात लांबच्या, उचललेल्या टोकापासून करावी आणि चीर आपल्याकडे येऊ द्यावी. चीर घोडीपाशी पोचू लागली की फळी पुढे सरकवावी. गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल, तर फळी बेंचच्या व्हाइसमध्ये उभी आवळून, थोडी मागे कलती ठेवून, छातीच्या खालच्या उंचीवर चिरता येते. ती पद्धत तितकीच अचूक आहे, फक्त फळी वारंवार उचलून वर घ्यावी लागते.

पहिली दोन सेंटिमीटर

आता उभे कसे राहावे ते पाहू. करवतीचे पाते, मूठ, मनगट, कोपर आणि खांदा एकाच उभ्या प्रतलात यायला हवेत, आणि ते प्रतल रेघेवर असायला हवे. बहुतेक माणसे करवत शरीराच्या उजवीकडे धरतात, त्यामुळे ओढताना हात पोटाकडे वळतो आणि चीर हळूहळू वळण घेते. ते टाळण्यासाठी उजवा खांदा रेघेच्या वर आणावा, डोके पात्याच्या थेट वर ठेवावे, आणि पात्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत आहेत का ते पाहावे. एकच बाजू दिसत असेल, तर डोके चुकीच्या जागी आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक छोटी खाच तयार करावी. धारदार पटाशी किंवा चाकू गेजच्या रेघेवर, टाकाऊ बाजूने तिरका धरून, लांबच्या टोकाच्या कोपऱ्यापाशी दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कात्रण काढावी. अशी एक उतरती खाच तयार होते, तिची ठेवायच्या बाजूची भिंत उभी आणि टाकाऊ बाजूची तिरकी. पाते या उभ्या भिंतीला टेकून आपोआप रेघेवर बसते. माथ्यावरच्या रेघेलाही वरच्या कोपऱ्याशी अशीच लहान खाच द्यावी. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि नवशिक्याच्या हातून चांगली चीर निघावी म्हणून याहून मोठी मदत मला माहीत नाही.

डाव्या अंगठ्याचे पेर वाकवून रेघेच्या शेजारी टेकवावे आणि पाते त्या पेराला लावून खाचेत ठेवावे. अंगठा दात्यांच्या पातळीच्या वर राहील याची काळजी घ्यावी, कारण करवत उसळली तर ती अंगठ्याकडेच येते. मुठीजवळचे बारीक दाते कोपऱ्यावर ठेवून, करवतीचे वजन जवळजवळ हातातच तोलून, दोन-तीन सेंटिमीटरची अगदी हलकी ओढ घ्यावी. दाते अडकत असतील, तर आधी एकदा अलगद पुढे सरकवून मग ओढावे. चार-पाच ओढींत पात्याएवढी खोबण तयार होते. इथे थांबावे.

आता पात्याकडे पाहावे. नवे पाते आरशासारखे चकाकते, आणि त्यात फळीच्या टोकाच्या कडेचे प्रतिबिंब दिसते. खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एकाच सरळ रेषेत जोडलेली दिसत असेल, तर पाते काटकोनात उभे आहे. प्रतिबिंबातली कड वर किंवा खाली मोडलेली दिसली, तर पाते एका बाजूला कलले आहे; पुढे किंवा मागे मोडलेली दिसली, तर पात्याची दिशा फिरली आहे. ही तपासणी पहिल्यांदा करताना मला त्या मोडलेल्या कडेने जे दाखवले ते गुण्याने कधी इतक्या पटकन दाखवले नव्हते, आणि आजही मी पहिल्या दहा ओढींत निदान तीनदा थांबून ती पाहतो. लाकडाचा डिंक किंवा तेल साचून पाते मळले असेल, तर ते पुसून घ्यावे.

प्रतिबिंब सरळ दिसेपर्यंत पाते हळू फिरवून दुरुस्त करावे. खोबण अजून उथळ आहे, म्हणून ती दुरुस्त होते. एकदा चीर सेंटिमीटरभर खोल गेली की तिच्या भिंती पात्याला धरतात, आणि त्यानंतर मूठ पिरगाळून काही साधत नाही.

ओढ आणि तिची लय

खोबण पक्की झाल्यावर डावा अंगठा रेघेजवळून काढून तो हात मुठीवर आणावा. जपानी करवतीची मूठ वेताने गुंडाळलेली आणि लांब असते, ती दोन हातांसाठीच. एक हात मुठीच्या शेवटाला आणि दुसरा पात्याच्या बाजूला, मधे वीतभर अंतर ठेवून धरावा. पकड सैल ठेवावी, बोटांचे पेर पांढरे पडू नयेत इतकी. मूठ आवळली की मनगट ताठ होते, आणि ताठ मनगट पात्याला स्वतःची वाट शोधू देत नाही.

पात्याचा फळीशी कोन सुरुवातीला तीस अंशांच्या आसपास ठेवावा. कोन कमी असला की पात्याची अधिक लांबी चिरेत राहते आणि चीर सरळ जाते, मात्र काम सावकाश होते. कोन पंचेचाळीस अंशांकडे नेला की काम वेगाने होते, पण पात्याला आधार कमी मिळतो. मी सागासाठी तीस अंशच पसंत करतो, आणि पाइनसाठी चाळीसपर्यंत जातो.

ओढताना खाली दाबू नये. दाते पुरेसे धारदार असतील, तर करवतीचे वजन आणि खांद्यातून येणारी सरळ ओढ एवढ्याने काम होते. परत पुढे नेताना हात पूर्ण मोकळा सोडावा. करवत जणू पुढे घसरते आहे, एवढेच. या परतीच्या खेपेत जोर लावल्यामुळेच पाती मोडतात. ओढ लांब घ्यावी, पात्याचा तीन-चतुर्थांश भाग वापरावा. लहान, घाईच्या ओढींनी मधलेच दाते झिजतात आणि भुसा बाहेर पडत नाही. कान उघडे ठेवावेत. चीर बरोबर पडत असताना आवाज एकसारखा, थोडा घोगरा येतो. पाते भिंतीला घासू लागले की तो बारीक आणि कर्कश होतो. भुसाही पाहावा: चिरण्याचे दाते नीट काम करत असतील तर तो पिठासारखा नसून बारीक कात्रणांसारखा पडतो. रेघेवर साचलेला भुसा फुंकण्याऐवजी ब्रशने झाडावा, कारण सागाचा भुसा नाकात आणि डोळ्यांत फार चुरचुरतो. साधा मास्क लावलेला बरा.

फळी उलटणे

अचूक चिरण्याचे दुसरे गमक म्हणजे फळी वारंवार उलटणे. पाते तिरके असल्यामुळे वरच्या बाजूची चीर पुढे जाते आणि खालची मागे राहते. वरून आपल्याला फक्त वरची रेघ दिसते. खाली पाते कुठे चालले आहे ते कळत नाही. म्हणून वरची चीर साठ-सत्तर मि.मी. पुढे गेली की थांबून फळी उलटावी, आणि खालच्या रेघेवरून चिरत पहिल्या चिरेच्या थोडे पुढे जावे. पाते आधीच्या चिरेत टेकते, तीच त्याला दिशा देते, आणि आपण या बाजूची रेघ डोळ्यांनी सांभाळतो. मग पुन्हा उलटावी. ३० मि.मी. जाडीच्या आपल्या फळीला सहाशे मि.मी.मध्ये आठ-दहा वेळा उलटावे लागते. हे कंटाळवाणे वाटेल, पण दोन्ही रेघा दोन्ही बाजूंना शाबूत ठेवून निघालेली पट्टी हातात आली की ते सार्थकी लागते. फळी साठ-सत्तर मि.मी. जाड असेल, तर हा क्रम याहून महत्त्वाचा ठरतो, आणि तिथे रियोबा बाजूला ठेवून काताबा घ्यावी.

चीर रेघ सोडू लागली तर

अर्धा मि.मी. फरक दिसताच थांबावे. मूठ पिरगाळून पात्याला जबरदस्तीने रेघेवर आणायचा प्रयत्न सर्वच करतात, आणि त्यातून चिरेच्या आत वळण तयार होते, जे रंध्याने काढता काढता पट्टीची रुंदी संपते. त्याऐवजी करवत तीन-चार सेंटिमीटर मागे, जिथे चीर अजून रेघेवर होती तिथे आणावी. कोन वीस अंशांपर्यंत कमी करावा, म्हणजे पात्याचा मोठा भाग सरळ पडलेल्या चिरेत बसतो, आणि अगदी हलक्या ओढींनी त्या जागेपासून पुन्हा रेघेच्या दिशेने खोबण पाडावी. लगेच फळी उलटून दुसरी बाजू तपासावी. बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने चीर रेघेवर असते, आणि तिकडून पुढे गेले की पहिली बाजू आपोआप ओळीवर येते.

कारण शोधणेही आवश्यक आहे. चीर प्रत्येक फळीत एकाच बाजूला जात असेल, तर आधी उभे राहण्याची पद्धत तपासावी. उभे राहणे ठीक असूनही ती त्याच बाजूला जात असेल, तर दोष दात्यांत असतो. दाते आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे किंचित फाकवलेले असतात, म्हणजे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पाते मोकळे राहते. एका बाजूचे दाते खिळ्याने किंवा गाठीने बोथट झाले, की पाते धारदार बाजूकडे ओढले जाते. कडक दात्यांच्या पात्याला यावर इलाज नाही. ते आडव्या, खडबडीत कामाला ठेवावे आणि नवे लावावे. चीर फक्त एका फळीत, एका विशिष्ट जागी वळत असेल, तर तिथे तंतू वळले आहेत किंवा आत गाठ आहे. अशा जागी कोन कमी करून दर दोन-तीन सेंटिमीटरला फळी उलटावी.

चीर मागून मिटू लागली आणि पाते आवळले गेले, तर ओढत राहू नये. बांबूची पातळ पाचर चिरेच्या सुरुवातीला, पात्यापासून हातभर दूर, हाताने दाबून बसवावी. हातोडी वापरू नये, नाहीतर फळी तंतूंच्या दिशेने फाटत जाते. पात्याच्या दोन्ही बाजूंना साधी मेणबत्ती घासली तरी घर्षण बरेच कमी होते. जपानी सुतार यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात.

शेवटचा भाग

फळीचे शेवटचे शंभर मि.मी. राहिले की ती उलटसुलट फिरवून दुसऱ्या टोकापासून चिरायला घ्यावी आणि दोन चिरा एकमेकींना भेटू द्याव्यात. माथ्यावर मारलेली दुसरी रेघ इथे कामी येते, आणि पहिल्या टोकाला केली तशीच खाच इथेही करावी. दोन चिरांच्या भेटीच्या जागी केसाएवढी पायरी राहते. ती रंध्याच्या दोन फेऱ्यांत जाते. सरळ शेवटपर्यंत चिरत गेलात, तर टाकाऊ तुकडा डाव्या हाताने आधारून धरावा, कारण तो स्वतःच्या वजनाने लोंबला की शेवटचे तंतू ठेवायच्या पट्टीतून उचकटले जातात.

पट्टी सुटल्यावर चिरलेल्या कडेवर गुण्या टेकवून दर शंभर मि.मी.ला उजेडात पाहावे आणि व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजावी. माझ्या अनुभवात, नीट सराव असलेल्या हाताने सहाशे मि.मी.च्या सागात अर्ध्या मि.मी.च्या आत राहणे शक्य आहे, आणि त्यानंतर रंध्याला फक्त करवतीच्या खुणा काढायच्या राहतात.

सराव आणि निगा

थेट महागड्या सागावर सुरुवात करू नये. पॅकिंगच्या पाइनची हातभर, इंचभर जाड फळी घ्यावी, तिच्यावर दहा-दहा मि.मी. अंतराने समांतर रेघा दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर आखाव्यात, आणि एकामागून एक पट्ट्या चिरत जावे. प्रत्येक पट्टीवर तारीख आणि क्रमांक लिहून ती दोन टोकांना व मधे मोजावी. दोन-तीन फळ्या संपल्या की आपली चूक नेहमी कोणत्या बाजूला आणि कितव्या सेंटिमीटरपासून सुरू होते, हे त्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून स्पष्ट दिसते.

काम झाल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. पातळ पोलादाला कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस ठिपके पडतात. सागाचा चिकट थर रॉकेलच्या बोळ्याने निघतो. रियोबाला दोन्हीकडे दाते असल्यामुळे ती कधीही सिमेंटच्या जमिनीवर किंवा इतर हत्यारांच्या पेटीत उघडी टाकू नये. पुठ्ठ्याची घडी करून दोन्ही कडांना बसेल असे म्यान करावे आणि करवत मुठीने खिळ्यावर टांगावी, लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.